मराठीतील देहभानाचा विचार

मराठी भाषेत 'देहभान' हा शब्द बहुधा हरपण्याच्या क्रियेबरोबरच येतो. कीर्तनात रंगलेला श्रोता देहभान विसरतो, गायक समेवर येताना देहभान हरपून गातो, वारकरी देहभान टाकून नाचतो. या सर्व ठिकाणी स्तुतीच अभिप्रेत असते. उलट एखादा देहभानावर आला असे म्हटले की रंगाचा भंग झाला, तंद्री मोडली, असेच समजावयाचे. शब्दाच्या या रूढ वापरात एक संपूर्ण मूल्यविचार दडलेला आहे. देहाची जाणीव ही खालच्या पायरीची. तिचा लोप होईल तेव्हाच मनुष्य आपल्याहून मोठ्या अशा कशाला तरी स्पर्श करील, अशी ही धारणा होय.

परंतु त्याच भाषेच्या नित्य व्यवहारात वेगळीच साक्ष मिळते. सवय अंगवळणी पडते, गुण अंगी बाणतो, अपमान जिव्हारी लागतो, दुसऱ्याचे दुःख पाहून पोटात कालवते. गवयाचा 'दमसास' आणि त्याची 'बैठक' हे शब्द श्वासाचे आणि आसनाचे असूनही ते वापरले जातात ते त्याच्या विद्येचा पल्ला सांगण्यासाठी. शिकणे म्हणजे अंगात उतरणे, असे ही भाषा न सांगता सांगत असते. शास्त्रपुराणांच्या मराठीने देह विसरावयास शिकविले आणि घरच्या मराठीने देहावाचून एकही मनोधर्म सांगता येत नाही हे गृहीत धरले, असा हा दुपदरी वारसा आहे.

तो तपासण्याचे कारण निव्वळ शब्दकुतूहलाचे नाही. विसाव्या शतकात लोणावळे, पुणे आणि इगतपुरी या तीन ठिकाणी देहाच्या सूक्ष्म जाणिवेलाच आत्मविकासाचे साधन मानणाऱ्या साधना स्थिरावल्या आणि तेथून जगभर गेल्या. तिन्ही स्थळे मराठी मुलखातली. परंतु या साधनांचे प्रमुख गद्य मराठी नाही. हे असे का झाले, आणि मराठीजवळ या विषयाची भाषा मुळात नव्हती की असलेली भाषा तिने वापरली नाही, हा वाङ्मयाच्या इतिहासाचा प्रश्न आहे.

शोधाचा आरंभ ज्ञानेश्वरीपासून करणे प्राप्त आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्ण झालेल्या या ग्रंथाचा सहावा अध्याय योगमार्गाचे वर्णन करणारा म्हणून प्रसिद्ध आहे. गीतेच्या मोजक्या श्लोकांवर ज्ञानदेवांनी तेथे नाथपंथाचा सारा अनुभव ओतला. आसनाची जागा कशी असावी येथपासून आरंभ होतो. मग टाचेचा दाब, बंध, पोटाचे आकर्षण, श्वासाची कोंडी, आणि त्यानंतर कुंकवाने न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी वेटोळे घालून निजलेली कुंडलिनी. ती जागी होते ती भुकेली. देहातील धातू ती गिळते, आणि मग जुनी त्वचा कोंड्यासारखी गळून नवी कांती प्रकटते. या वर्णनात शास्त्रीय परिभाषा थोडी असून प्रत्यक्ष संवेदनेची चित्रे फार आहेत. तहान, भूक, ऊब, शीतलता, हलकेपणा यांवाचून दुसऱ्या साधनांनी हा कवी आतल्या घडामोडी सांगत नाही. देहाच्या आतून देहाकडे पाहणारी भाषा तेराव्या शतकात मराठीने सिद्ध केली होती, एवढे तरी या अध्यायावरून निर्विवाद ठरते.

तथापि या भाषेचा वंश वाढला नाही. खुद्द ज्ञानदेवांनीच बाराव्या अध्यायात हा खडतर मार्ग आणि भक्तीचा सुलभ मार्ग यांची तुलना करून भक्तीच्या बाजूने कौल दिला, आणि वारकरी परंपरेने तो कौल शिरोधार्य मानला. सहाव्या अध्यायाला मान मिळाला. पण तो पूजेचा मान होता.

देहभानाच्या दृष्टीने मात्र ज्ञानेश्वरीतील अधिक मोलाचे स्थळ सहाव्या अध्यायात नसून तेराव्यात आहे, आणि अभ्यासकांचे लक्ष त्याकडे या अंगाने पुरेसे गेलेले दिसत नाही. गीतेत ज्ञानाची लक्षणे सांगताना 'अहिंसा' हा एकच शब्द येतो. ज्ञानदेव तेथे थांबतात आणि प्रथम धर्माच्या व औषधाच्या नावाने होणाऱ्या हिंसेचा समाचार घेतात. मग अहिंसा ज्याच्या अंगी आहे तो मनुष्य कसा ओळखावा, असा प्रश्न ते घेतात. आणि उत्तर देतात ते त्याच्या चालण्यावरून. लाटेला धक्का न लावता पाण्यावर पाऊल टाकणारा पक्षी, केसर चुरडेल या भीतीने कमळावर हलकेच उतरणारा भ्रमर, यांच्यासारखे त्याचे पाऊल पडते. मांजरी आपल्या पिलाला ज्या दातांनी उचलते त्या दातांची धार जशी असूनही नसते, तशी त्याच्या पावलाची वजनदार हालचाल असूनही नसते. पायावरून वर्णन श्वासावर जाते: त्याचे श्वास घेणेही सुकुमार असते. मग वाणी, मग दृष्टी, आणि शेवटी हात. हात बहुधा निश्चळच असतात. उचललेच तर ते कोणाला अभय देण्यासाठी, पडलेल्याला सावरण्यासाठी किंवा आर्ताला हळुवार स्पर्श करण्यासाठी.

या प्रकरणाला नीतिबोध म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्ञानदेवांनी येथे नीतीचे नियम सांगितलेलेच नाहीत. पाऊल, श्वास, जीभ, डोळा आणि हात यांचे एकेक करून निरीक्षण त्यांनी केले आहे. अशा मनुष्याला आपल्या टाचेचा भार किती पडतो हे ठाऊक असले पाहिजे. आपला हात दुसऱ्याच्या अंगावर पडतो तेव्हा त्या अंगाला काय वाटते याची जाणीव त्याच्या तळव्यात असली पाहिजे. येथे देहभान हरपलेले नाही. ते इतके सूक्ष्म झाले आहे की त्यात दुसऱ्याचा देहही मावतो. सहाव्या अध्यायातील योगी एकान्तात बसलेला आहे, तर तेराव्यातील हा मनुष्य रस्त्याने चालतो आहे.

पाली वाङ्मयाच्या वाचकाला येथे सतिपट्ठानसुत्ताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही भिक्षूने जाताना-येताना, पाहताना, हात आखडताना व पसरताना सावध असावे असे सांगितले आहे. साम्य लक्षणीय आहे, परंतु त्यावरून ऋणाचा सिद्धान्त मांडण्याचे कारण नाही, कारण हेतू भिन्न आहेत. पाली सूत्रातील भिक्षू आपल्या हालचालीकडे पाहतो तो देहाची अनित्यता ध्यानी यावी म्हणून. ज्ञानदेवांचा मनुष्य आपल्या पावलाकडे पाहतो तो पावलाखाली कोणी जीव असेल म्हणून. आणखी एक भेद याहून महत्त्वाचा आहे. वर्णनाच्या अखेरीस ज्ञानदेव सांगतात की हे सारे इंद्रियांत दिसते खरे, पण उगम मनात आहे. बीजात असते तेच अंकुरात येते. म्हणजे ओघ मनाकडून देहाकडे. देहाला वळण लावून मन बदलता येईल का, हा प्रश्न त्यांनी येथे घेतलेला नाही. विसाव्या शतकातील साधनांचा सारा भर याच प्रश्नावर आहे.

मधल्या शतकांतील संतवाङ्मयात देहाविषयी दोन सूर एकाच वेळी ऐकू येतात. दासबोधात पहिल्या दशकाच्या अखेरीस नरदेहाचे स्तवन आहे आणि तिसऱ्या दशकाचा आरंभ जन्मदुःखाच्या किळसवाण्या वर्णनाने होतो. हा विरोध नसून प्रयोजनभेद आहे, असे टीकाकार सांगतात ते बरोबर आहे. तरीही दोन्ही ठिकाणी देह हा विचाराचा विषय आहे, अनुभवाचे द्वार नाही.

देहभानाचा खरा प्रश्न या काळात उपस्थित केला तो ज्यांना देहभान विसरण्याची मुभाच नव्हती त्यांनी. चोखामेळ्याचे शरीर मंदिराच्या दाराबाहेर होते, आणि आपण बाहेर आहोत हे त्याला प्रत्येक पावलाला आठवावे लागत होते. सोयराबाईने विटाळाचा प्रश्न थेट देहाच्या उत्पत्तीपाशी नेला. ज्या समाजात एकाचा स्पर्श दुसऱ्याला बाटवतो, तेथे ज्ञानदेवांच्या त्या हळुवार हाताचे काय होते, हे विचारण्याचा अधिकार सोयराबाईइतका कोणाचा नव्हता. देहभान विसरण्याचा आनंद हाही एक प्रकारचा विशेषाधिकार असू शकतो, ही गोष्ट भक्तिवाङ्मयाचे रसग्रहण करताना सहसा ध्यानी घेतली जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देह पुन्हा चर्चेत आला तो व्यायामाच्या रूपाने. लोकमान्य टिळकांनी महाविद्यालयातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. 'कमावणे' या क्रियापदाकडे जाता जाता पाहण्यासारखे आहे. मराठीत पैसा कमावतात, कातडे कमावतात आणि शरीरही कमावतात. तिन्ही ठिकाणी कच्च्या वस्तूवर श्रम करून ती उपयोगी बनवावयाची असते. पारतंत्र्यातील देशाला बळकट देह हवे होते. देहाला काय वाटते हे विचारण्याची ती वेळ नव्हती. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून दहा खंडांत प्रसिद्ध केलेला व्यायाम ज्ञानकोश हे या चळवळीचे स्मारक. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रथम अनेक वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला, मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. चित्रकलेचा हा रसिक राजा देहाकडेही काहीशा चित्रकाराच्या दृष्टीने पाहत होता. तरी त्याच्याही लेखनात आरोग्य, दीर्घायुष्य आणि कार्यक्षमता हेच फळ सांगितले आहे.

वळण आले ते याच व्यायामशाळेतून निघालेल्या एका विद्यार्थ्यामुळे. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ चा. संस्कृतातील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे ते मानकरी आणि बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांचे शिष्य. पुढे अमळनेर येथे अध्यापन करीत असताना नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्यापाशी त्यांनी योग शिकून घेतला, आणि ते स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आले. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने परीक्षण केले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघाले. नौली करताना मोठ्या आतड्यात वातावरणाहून कमी दाब निर्माण होतो हे त्यांनी मोजून दाखविले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूचे नाव दिले. प्रयोगशाळेतील शोधाला गुरूचे नाव देणारा हा संशोधक दोन युगांच्या उंबऱ्यावर उभा होता.

त्यांच्या कार्यातील एक विसंगती मात्र नमूद केली पाहिजे. यंत्राने मोजता येते ते बाहेरून दिसणाऱ्या देहाचे माप. साधकाला आतून जे जाणवते त्याला या मापनात जागा नाही. कुवलयानंद स्वतः हे जाणून होते. आसन हे मेहनतीने करावयाचे काम नसून प्रयत्न सैल होत जाण्याचा अभ्यास आहे, हे पतंजलीचे सूत्र त्यांनी व्यायामशाळेच्या संस्कारांविरुद्ध आग्रहाने पुढे मांडले. जोर-बैठकांच्या पिढीला हे ऐकावयास लावणे सोपे नव्हते. परंतु 'योगमीमांसा' इंग्रजीत निघत होते आणि त्याचा वाचक जगभरचा शास्त्रज्ञ होता. संस्कृत वाङ्मयाचा असा पंडित, मराठी घरातला, सहाव्या अध्यायाची भाषा ज्याला जन्मतः मिळाली असेल, त्याने आतल्या अनुभवाचे मराठी गद्य लिहिले असते तर काय झाले असते, असे मनात येते. त्यांनी ते मुख्यतः लिहिले नाही. युगाची मागणी पुराव्याची होती आणि पुरावा इंग्रजीतच ग्राह्य मानला जात होता. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच १९६६ मध्ये 'लाइट ऑन योगा' हा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नसताना, आपले गुरू कृष्णम्माचार्य यांच्या आज्ञेवरून डेक्कन जिमखान्यावर आसने शिकविण्यासाठी पुण्यास आले. बालपणापासून क्षयाने व इतर दुखण्यांनी गांजलेला हा तरुण. त्याला मराठी येत नव्हती. २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पुण्याचेच होऊन राहिले. १९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि तेथून त्यांची विद्या परदेशी गेली. मेन्युहिन यांनीच त्यांच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. ही भेट वादक आणि योगशिक्षक यांची होती हे सूचक आहे. खांदा, मनगट, बोट यांतील किंचितसा ताण सुराला कसा बिघडवतो हे वादकाला पुस्तकावाचून कळते.

अय्यंगारांचे वैशिष्ट्य सुमारे सहाशे छायाचित्रांनी सजलेल्या त्या ग्रंथापेक्षाही त्यांच्या शिकविण्यात होते. पायाच्या तळव्याची त्वचा कोणत्या दिशेने सरकते, एका बरगडीने दुसरीला साथ दिली की नाही, डावा गुडघा जागा असताना उजवा झोपलेला का, असे प्रश्न ते शिष्याच्या देहाला विचारीत. बुद्धी डोक्यातच राहते हे त्यांना मान्य नव्हते. ती टाचेपर्यंत पसरली पाहिजे आणि पसरल्यावर मनाची चंचलता आपोआप उतरते, असे ते सांगत. ज्ञानदेवांनी मनाकडून देहाकडे वाहताना दाखविलेला ओघ येथे उलट दिशेने वाहविण्याचा प्रयत्न आहे. तो किती यशस्वी होतो? काटेकोरपणा हा अहंकाराचाही आवडता अलंकार असतो, आणि आसनाच्या पूर्णतेत अडकलेला साधक आरशापुढे उभ्या असलेल्या पहिलवानाहून फार दूर गेलेला नसतो. अय्यंगारांनी हा धोका ओळखून पुढील ग्रंथांत श्वास, ध्यान आणि यमनियम यांचा विस्तार केला. परंतु जगाने त्यांच्याकडून घेतले ते प्रामुख्याने आसन.

इगतपुरीची हकीकत वेगळी. ब्रह्मदेशात मंडाले येथे १९२४ मध्ये जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि मुंबईत त्यांनी विपश्यनेचे पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची शिबिरे नियमाने भरू लागली. प्रथम काही दिवस केवळ श्वासाकडे पाहावयाचे, मग मस्तकापासून पायापर्यंत अंगावर जे जे जाणवेल ते काहीही न बदलता पाहत जावयाचे. येथे आसनाचा दिमाख नाही. सूचना मूळच्या हिंदीत व इंग्रजीत. मराठी साधकापर्यंत त्या आल्या त्या अनुवादाच्या वाटेने.

आणि तरीही या विषयाचे मराठी गद्य फार आधी सिद्ध झाले होते, ही या इतिहासातील सर्वांत उपेक्षित गोष्ट आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, श्रीलंकेत त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली, ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यास केला, आणि पुढे बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाचे संपादन हे आयुष्यभराचे काम मानले. 'समाधिमार्ग' या छोट्या पुस्तकात त्यांनी श्वासाची स्मृती, देहाच्या घटकांची स्मृती इत्यादी कर्मस्थाने साध्या, कोरड्या आणि विलक्षण प्रामाणिक भाषेत समजावून दिली. 'निवेदन' हे त्यांचे आत्मवृत्त मराठी वाचकाला परिचित आहे, 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ तर वादविषयच झाला. 'समाधिमार्ग' मात्र मागे पडला. कोसंबींच्या वाक्यात उपमा जवळजवळ नसते. ज्ञानदेवांनी जे काव्याने साधले ते त्यांनी काव्य बाजूला ठेवून साधले, आणि म्हणूनच मराठी गद्याच्या इतिहासात हे लहान पुस्तक अभ्यासण्याजोगे आहे. १९४७ च्या जून महिन्यात सेवाग्राम येथे अन्न वर्ज्य करून त्यांनी शांतपणे देह ठेवला.

अनुवादकाच्या अडचणीतून कधी कधी संस्कृतीचा इतिहास उघड होतो. पालीतील 'वेदना' हा शब्द सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशा तिन्ही प्रकारच्या अनुभवांना लागू आहे. मराठीत आज तो एकाच प्रकाराला उरला आहे. विपश्यनेच्या शिबिरांतून म्हणूनच 'संवेदना' हा पर्याय रूढ झाला. वेदनांकडे पाहा असे म्हटले तर मराठी साधक दुखणारा गुडघाच शोधू लागेल. पुण्यात शिकविल्या गेलेल्या विद्येचा मूळ ग्रंथही मराठीत 'योगदीपिका' या नावाने इंग्रजीतूनच परत आला. ज्या भाषेत घोटा, पोटरी, खुबा, बरगडी, माकडहाड असे ठसठशीत शब्द आहेत आणि ज्या भाषेत सुकुमार श्वासाचे वर्णन सात शतकांपूर्वी झाले, तिला 'सजगता' हा जड शब्द नव्याने घडवावा लागला. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेवांनी श्रोत्यांपाशी मागितलेले 'अवधान' जवळच पडलेले होते.

'वेदना' या शब्दाचा संकोच मात्र केवळ विस्मरणाने झाला असे म्हणता येत नाही. १९६० नंतर दलित साहित्याचा विचार मांडताना समीक्षकांनी वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी सांगितली, त्यात हा शब्द आपल्या मराठी अर्थानेच अटळ होता. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. भूक पोटात कशी फिरते, दुसऱ्याच्या नजरेखाली अंग कसे आखडते, बाळंतपणाच्या उपाशी देहाला काय होते, याचे इतके बारीक आणि आतून केलेले वर्णन सहाव्या अध्यायानंतर मराठीत क्वचितच झाले असेल. या लेखकांना कोणी देहाकडे पाहण्याची साधना शिकविली नव्हती. पाहणे त्यांना चुकविता येत नव्हते. आणि जे पाहिले ते शब्दांत मांडताना लाज, किळस आणि भीती यांतून ते ज्या रीतीने वर आले, तिला आत्मविकासावाचून दुसरे नाव देणे कठीण आहे. योगाच्या ग्रंथसूचीत ही पुस्तके येत नाहीत आणि दलित साहित्याच्या चर्चेत तेराव्या अध्यायातील तो चालणारा मनुष्य येत नाही. सोयराबाई दोघांच्याही वाटेवर उभी आहे.